कोणी कोणाला अडवले

म्हात्रे सर,

तुमच्या निधनाची बातमी मीच दिली. चार ओळी होत्या. मराठी शाळेतील इंग्रजीचे निवृत्त शिक्षक, आमलीतील रहिवासी, वापीच्या रुग्णालयात अल्प आजाराने निधन, पश्चात बहीण आणि भाचा. वय भाच्याकडून तपासून घेतले. ‘परिसरात हळहळ व्यक्त होत आहे’ ही पाचवी ओळ पेपरच्या डेस्कने जोडली, ती माझी नाही. तुम्ही लाल पेनाने त्या ओळीखाली रेघ मारली असती आणि समासात लिहिले असते: कोण व्यक्त करत आहे?

त्या चार ओळींत काही चूक नाही. हा मजकूर दुसऱ्या एका बातमीसाठी आहे. ती अकरा वर्षांपूर्वीची आहे.

मी सिल्वासात आलो तेव्हा आमलीच्या चाळीत सहा खोल्या होत्या. तिसरी तुमची, चौथी माझी, पाचवीत सुकलाल आणि त्याचे तिघे गाववाले. ते शहाद्याकडचे, मसाटच्या सूत कारखान्यात पाळीने कामाला जाणारे. कोणी ना कोणी कायम झोपलेले असल्यामुळे पाचवीचे दार कधी पूर्ण उघडे नसे आणि पूर्ण बंदही नसे. मला गावात कोणी ओळखत नव्हते. सरकारी कचेरीतले कारकून गुजरातीत बोलत, कारखान्यांचे साहेब हिंदीत, पत्रके इंग्रजीत निघत. मराठीत विचारून मराठीत उत्तर मिळण्याचे ठिकाण म्हणजे तुमची खोली.

पहिल्या आठवड्यातच तुम्ही माझा पेपर मागून नेलात. वापीहून येणाऱ्या बसने तो दुपारी पोहोचायचा. संध्याकाळी परत आला तेव्हा माझ्या बातमीवर लाल खुणा होत्या आणि खाली दहापैकी चार गुण.

"चारच?" मी म्हणालो.

"एक छापून आल्याचा, एक शुद्धलेखनाचा, दोन तुम्ही घरापासून लांब राहता म्हणून," तुम्ही म्हणालात. "बाकी बातमीत कोणी काही केलेलंच नाही. सगळं आपोआप झालंय. ‘निर्णय घेण्यात आला’, ‘सूचना देण्यात आल्या’. अहो वार्ताहर, या गावात भुतं राहतात का?"

तुम्ही मला नावाने कधी हाक मारली नाहीत. ‘वार्ताहर’ म्हणायचात. त्यात टोमणा किती आणि आपुलकी किती, हे मी कधी तपासले नाही.

तुमची एक वही होती, लांबट, शाळेच्या हजेरीपटासारखी. मुलांसाठी इंग्रजी क्रियापदांचे मराठी अर्थ त्यात लिहीत होतात. एका क्रियापदाला एक पान. ‘बार’ या शब्दाचे पान मला आठवते, कारण त्यावर आपण सर्वांत जास्त भांडलो.

सुरुवात वर्गातून झाली होती. तुम्ही ती हकीकत स्टोव्हवर चहा ठेवता ठेवता सांगितलीत. सातवीच्या वर्गात फळ्यावर शब्द लिहिला आणि विचारले, "बार म्हणजे काय?"

मागच्या बाकावरून उत्तर आले, "सर, आमच्या घराखाली आहे तो!"

"घराखालचं राहू दे. क्रियापद सांग."

"सर... बारमध्ये जाणे."

वर्ग हसला. तुम्हीही हसलात, आणि मला सांगताना इतके हसलात की चहा उतू गेला. मग कपडा घेऊन ओटा पुसता पुसता म्हणालात, "पोरगं चुकलं नाही. तिकडे गुजरातेत दारूला बंदी, म्हणून रविवारी गाड्या भरून लोक इकडे येतात. इकडे दुकानावर पाटी काय? बार. आणि इंग्रजीत बारचा अर्थ काय? बंदी करणे! हद्दीच्या अलीकडे बंदी विकत मिळते, वार्ताहर. या गावात तेवढी एकच बातमी आहे, ती तुम्ही देत नाही."

त्या पानावर पहिला शब्द ‘बंदी’ होता. तुमच्या मते तो कायद्याचा. ‘मनाई’ हुकमाची, त्यामागे साहेबाची सही पाहिजे. ‘मज्जाव’ पाटीवरचा, त्यात माणूस दिसत नाही. ‘रोखणे’ला समोरासमोर उभे राहावे लागते. ‘अटकाव’ मला आवडायचा. तुम्ही म्हणायचात तो पोलिसांनी वापरून वापरून गुळगुळीत केला आहे. ‘अडवणे’ तुमचा आवडता. काहीतरी आडवे घालायचे, हात, पाय, बैलगाडी, मग समोरचा अडतो. शेवटी तुम्ही लिहिला होता ‘अडसर’. तुमच्या गावी, पालघरच्या बाजूला, खाडीकाठच्या घरांना दाराच्या आतून लाकडाचा दांडा लावतात, तो.

"मूळ इंग्रजी शब्द हाच," तुम्ही म्हणालात. "दांडा. बाकी सगळे अर्थ त्याची पोरं."

"पण अडसर नाम आहे. क्रियापदांच्या वहीत कसा?"

"घालणे लावा पुढे. एवढ्यासाठी गुण कापू का तुमचे?"

असे आपले रविवार जायचे. कधी राखोलीपर्यंत चालत जाऊन पुलावर उभे राहायचो. दमणगंगेचे पाणी कारखान्यांच्या बाजूने कोणत्या रंगाचे येते त्यावर तुम्ही बोलायचात आणि मला ती बातमी द्यायला सांगायचात. मी दिली, दोनदा. दोन्ही वेळा सहा गुण मिळाले.

आता त्या सोमवारबद्दल.

सकाळी कचेरीबाहेर मसाटच्या कारखान्याची अर्ध्या पानाची टंकलिखित नोट हातात आली. इंग्रजीत होती, तारेसारखी तुटक. सुकलालच्या नेतृत्वाखालचे कामगार, पुढे ‘बार्ड’, पुढे ‘गेट’. मधे ‘ॲट’ हा दोन अक्षरी इंग्रजी शब्द होता की रिबनचा डाग, ते कळत नव्हते. तो शब्द असला तर कामगारांना गेटवर अडवले होते. नसला तर कामगारांनी गेट अडवले होते. हे मी आज इतके नीट लिहू शकतो. त्या दिवशी मला दोन शक्यता दिसल्या नाहीत, एकच दिसली. कामगार, पुढारी, गेट. अशी बातमी वर्तमानपत्राला ओळखीची असते.

टपाल कचेरीत डेस्कसाठी ट्रंक कॉल नोंदवला होता. वाटेत शाळेची मधली सुट्टी चालू होती. तुम्ही कुंपणाशी उभे होतात, हाताला खडू लागलेला. मी सायकलवरून न उतरता विचारले, "सर, बार म्हणजे अडवणेच ना?"

"अडवणेच." मग सायकल पुढे निघाल्यावर तुम्ही मागून मोठ्याने म्हणालात, "पण कोणी कोणाला, ते बघा!"

"बघतो," मी म्हणालो.

मसाट तिथून सायकलने अर्ध्या तासावर होते. कॉल लागायला सव्वा तास लागला. तेवढ्यात मी जाऊन पाहू शकलो असतो, निदान निम्म्या वाटेवर परतणाऱ्या कोणा कामगाराला विचारू शकलो असतो. मी टपाल कचेरीच्या बाकावर बसून मजकूर स्वच्छ हस्ताक्षरात, खाली कार्बन घालून, लिहून काढला. मग फोनवर ओरडून वाचला. मसाट येथील सूत कारखान्याचे गेट सुकलाल नावाच्या कामगाराच्या पुढाकाराने कामगारांनी अडवले.

मंगळवारी दुपारी पेपर आला. संध्याकाळी सुकलाल माझ्या दारात उभा होता. तो उंच होता, चौकटीला डोके लागू नये म्हणून वाकलेला. त्याच्या मागे तुम्ही.

"भाऊ, आमी काय आडवलं?" तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "आमालेच आडवलं ना त्यांनी. पाळीवर गेलो तं वॉचमन बोलला, तुमचं नाव यादीत नाही, अंदर जाने का नहीं, ऑर्डर है. तीन घंटे उन्हात उभे होतो भाऊ. पेपरात तं उलटंच छापी टाकलं. अन् माझं नाव बी टाकी दिलं."

मी म्हणालो, फोनवर ऐकताना डेस्कची चूक झाली असणार. लाइन खराब होती. मी ‘गेटवर’, ‘कामगारांना’ म्हटले, त्यांनी ‘गेट’, ‘कामगारांनी’ ऐकले.

"म्हंजे तुम्ही बरोबर सांगितलं होतं?"

"हो."

"मंग ठीक आहे," सुकलाल म्हणाला. "तुमची काय चूक."

तो गेला. तुम्ही थांबलात. माझ्या खोलीत खुर्ची नव्हती, तुम्ही नेहमीसारखे माझ्या पत्र्याच्या पेटीवर बसलात. पेपर उघडून दाखवलात. संपूर्ण बातमीवर एकच खूण होती. ‘कामगारांनी’ या शब्दातल्या ‘नी’भोवती लाल गोल. खाली गुण दिलेले नव्हते.

"एक वेलांटी," तुम्ही म्हणालात. "मुलांना मी चुकलेला शब्द पाच वेळा लिहायला लावतो. तुम्ही एकदाच लिहा. खुलासा छापून आणा."

"एका वेलांटीसाठी संपादक खुलासा छापत नाहीत, सर."

"विचारलंत?"

"विचारायला कशाला पाहिजे."

तुम्ही पेपरची घडी घातलीत. मग विचारलेत, "कार्बन आहे ना तुमच्याकडे? कार्बनवर ‘ना’ असेल तर चूक डेस्कची. मग छापतील. छापावंच लागेल."

"कार्बन ठेवत नाही मी. जागा कुठे आहे?"

कार्बन पेटीत होता. माझ्या हाताने लिहिलेला, स्पष्ट ‘नी’ असलेला. तुम्ही त्यावर बसला होतात.

त्या आठवड्यात माझ्या कायम नेमणुकीचे पत्र यायचे होते. हे कारण म्हणून सांगत नाही. माहिती अपुरी राहू नये म्हणून सांगतो. पत्र आले. मी कायम झालो.

त्या सोमवारची चौकशी झाली तेव्हा व्यवस्थापनाने आपल्या बाजूच्या कागदांत माझ्या बातमीचे कात्रण जोडले. त्यांची स्वतःची नोट काही वेगळे सांगत होती, पण ती त्यांनी जोडली नाही, आणि ती कोणी मागितलीही नाही. बाकीच्या कामगारांना हळूहळू परत घेतले. सुकलालला घेतले नाही. पुढाकार त्याचा होता, असे पेपरात आलेले होते. आसपासच्या कारखान्यांतही त्याचे नाव गेटपर्यंत आधीच पोहोचलेले असे. पावसाळ्याआधी तो गावी गेला. जाताना मला भाकरी बांधलेल्या फडक्यातून दोन कांदे काढून दिले आणि म्हणाला, "भाऊ, शहाद्याले आले तं घरी या." मी जागा विचारून घेतली नाही.

आपले भांडण झाले असे कोणी म्हणणार नाही. तुमचे दार उघडे असायचे. चहा मिळायचा. पेपर न्यायचात, परत करायचात, गुण द्यायचात. नंतर नंतर सात, आठही दिलेत. फक्त त्या मंगळवारनंतर तुम्ही माझ्या पेटीवर कधी बसला नाहीत. यायचात तेव्हा उंबऱ्यावर बसायचात, पाय बाहेर सोडून. मी खुर्ची घेतली. तुम्ही तीही वापरली नाहीत. "इथे वारा लागतो," म्हणायचात.

तुम्हाला कळले होते का, हे मला आजही ठरवता येत नाही. माझ्या धंद्यात एका स्रोतावर विसंबायचे नसते, आणि इथे स्रोत एकच आहे: रिकामी राहिलेली पेटी.

क्रियापदांच्या वहीचा विषय तुम्ही पुन्हा काढला नाहीत. मीही नाही. राखोलीला जाणे कमी झाले, मग थांबले. तुमचे गुडघे दुखायचे हेही खरे आहे. मी बातम्यांसाठी बाहेर राहू लागलो आणि घरी असलो तरी दार लोटून घ्यायचो. अडसराबद्दल तुम्ही एकदा सांगितले होते की तो बाहेरच्यासाठी असतो, पण आतला माणूस तो काढल्याशिवाय स्वतःही बाहेर पडू शकत नाही. तेव्हा मी म्हटले होते, हे शब्दकोशात बसणार नाही. तुम्ही म्हणालात, नाहीच बसत.

दर दिवाळीला मात्र तुम्ही फराळाची ताटली घेऊन यायचात आणि उंबऱ्यावरूनच विचारायचात.

"सुकलालला काही कळवलंत?"

"नाही."

"बरं."

आणि चकली पुढे करायचात. अकरा वर्षांत हा संवाद एका शब्दानेही बदलला नाही. इतरांनी त्यात चौकशी ऐकली असती. मला परीक्षेचा पेपर दिसायचा, ज्यात एकच प्रश्न आहे आणि परीक्षक वेळ वाढवून देत राहतो. कधी वाटायचे तुम्ही रागवावे. एकदा तरी मोठ्याने बोलावे. चाळीत आवाज जातो, सहाही खोल्यांना कळले असते, आणि मग मला बोलावेच लागले असते. तुम्ही ती सोयही केली नाहीत.

या मधल्या काळात आमली बदलली. आता कोपऱ्यावर दोन एसटीडी बूथ आहेत, एकात फॅक्सही आहे. मजकूर जसाच्या तसा जातो. ‘लाइन खराब होती’ हे आता कोणाला सांगता येणार नाही. पहिल्यांदा फॅक्स पाठवला तेव्हा मला हेच सुचले होते आणि मी ते तुम्हाला सांगितले नाही.

तुम्हाला वापीला नेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी संध्याकाळी आलो होतो. हे तुम्हाला माहीत नाही, म्हणून नोंदवतो. खिशात कार्बन होता. निळा, घड्यांवर फाटत आलेला. काय बोलायचे ते बसमध्ये ठरवले होते. काही बोलायचेच नाही, कागद तुमच्या हातात द्यायचा. तुम्ही चष्मा मागितला असता. वाचला असता. मग पुढचे तुमच्या हातात.

गेटवर वॉचमन होता. "टाइम खतम. कल सुबह आना," तो म्हणाला. सभ्य माणूस होता, त्याचे काम करत होता. दुसऱ्या खिशात माझे पत्रकाराचे ओळखपत्र होते. ते दाखवले की मला सोडतात. इतक्या वर्षांत कुठल्याही गेटवर मी अडलेलो नाही. मी ते काढले नाही. "ठीक है," म्हणालो आणि परत फिरलो. आणि सर, मला बरे वाटले. बसस्टँडपर्यंत चालताना मला हलके वाटत होते, शाळेला अचानक सुट्टी मिळाल्यासारखे. सकाळी भाच्याचा फोन आला.

त्या संध्याकाळी वॉचमनने मला अडवले असे मी कोणाला सांगितले, तर वाक्य व्याकरणदृष्ट्या बरोबर आहे. तुम्ही मात्र त्यातल्या कर्त्याभोवती गोल काढाल.

भाचा तुमची खोली रिकामी करायला आला तेव्हा मी वहीबद्दल विचारले. जुन्या वह्या, पोस्टकार्डे, पेपर असे सगळे त्याने आदल्याच दिवशी रद्दीत दिले होते. त्याला कसे कळणार. पोस्टकार्डांबद्दल मला तेव्हाच समजले. "मामांना शहाद्याकडून कोणा सुकलालची पत्रं यायची," तो म्हणाला. "दिवाळीच्या आधी दर वर्षी. मामा लगेच उत्तर लिहायचे." म्हणजे तुम्ही मला प्रश्न विचारायचात तेव्हा त्याचे ताजे पत्र तुमच्या खोलीत असायचे. ‘नाही’ हे माझे उत्तर तुम्ही त्याला कळवायचात की लपवायचात? त्याने विचारले असेल का? तुम्ही काय लिहिलेत? हे आता कोणाकडूनही कळणार नाही. पत्ता तुमच्याकडे होता. तालुका मला माहीत आहे, गाव नाही.

चाळीत आता तिसरी खोली बंद आहे. पाचवीत नवे लोक आहेत, तेही खानदेशातले, तरुण, आपसात अर्धे हिंदीत बोलतात. त्यांना सुकलाल माहीत नाही. काल पेपर आला. मी वाचला. सवयीने घडी घालून तिसरीच्या दाराच्या कडीत अडकवायला गेलो आणि तिथे कुलूप होते. पेपर परत आणला. त्यावर एकही खूण नाही. माझी बातमी बरोबर आहे की चूक, हे सांगणारे आता या गावात कोणी नाही. तुम्ही गेल्यामुळे काय झाले, याचे मला इतके नेमके वर्णन करता येते. बाकीचे येत नाही.

आणि तुमचे उपकार आहेत, तेही लिहिले पाहिजेत. ‘करण्यात आले’ मी लिहीत नाही. कर्ता सापडत नसेल तर फोन करतो, जाऊन पाहतो. मसाटला आता दर आठवड्याला जातो, गेटबाहेर उभ्या असलेल्यांशी आधी बोलतो, आत नंतर जातो. हे सगळे तुम्ही शिकवलेत, आणि हे सगळे मी त्या एका चुकीनंतर शिकलो. त्याचा फायदा मला झाला. सुकलालला झाला नाही.

हा मजकूर रविवारच्या पानावर जाईल. संपादकांना मी कार्बन दाखवला आहे, आणि पुढची ओळ काढू नका अशी विनंती केली आहे. शहादा तालुक्यात आपला पेपर जातो. कोणी वाचले आणि सुकलाल ओळखीचा असला, मसाटला सूत कारखान्यात होता तो, उंच, चौकटीत वाकून उभा राहणारा, तर त्याला एवढे कात्रण द्यावे.

आधी मी असे लिहिले होते: कामगारांना गेटवर अडवण्यात आले होते. वाचून पाहिले. उंबऱ्यावरून तुमचा आवाज आला, ‘कोणी?’ म्हणून ते खोडले.

खुलासा. मसाटच्या सूत कारखान्याच्या व्यवस्थापनाने सुकलालला आणि इतर कामगारांना गेटवर अडवले. कामगारांनी काहीही अडवले नाही. चूक डेस्कची नव्हती. ‘नी’ मी लिहिला.